अर्ध्या बादलीएवढी बाग

'मी सांगलीत गावभागात राहते. वय ६७. घर जुनं, तळमजला आणि वर गच्ची. अंगणात पूर्वी चाळीसेक कुंड्या होत्या. २०१९च्या पुरात सगळ्या गेल्या. हौसेने पुन्हा जमवल्या, तर २०२१च्या जुलैत परत पाणी आलं. त्यानंतर हातच लावला नाही. आता नातू सहावीत आहे, त्याला शाळेत परसबागेचा प्रकल्प दिलाय. मलाही चार काड्या कोथिंबिरीसाठी दर वेळी मंडई गाठणं जमत नाही. मुलगा म्हणतो, "आई, परत तेच नको. पाणी आलं की आम्ही सामान हलवायचं की तुझ्या कुंड्या?" त्याचंही खरं आहे. अंगणात सकाळी अकरापर्यंत ऊन असतं. माझे गुडघे दुखतात. उचलून गच्चीवर नेता येईल अशी, स्वयंपाकाच्या पानांची बाग करता येईल का? कढीपत्ता लावू का? जुन्या कुंड्या आणि माती मागे पडून आहे, ती चालेल का?'
– एक वाचक, गावभाग, सांगली

काकू, नमस्कार.

करता येईल. पण रोपांची यादी करण्याआधी एक काम करा. न्हाणीघरातली बादली घ्या, अर्धी भरा आणि ती हातात घेऊन गच्चीचा जिना चढून बघा. दुसरा हात कठड्याला असू द्या. मध्ये न थांबता वर पोचलात, तर तुमचं माप साधारण आठ किलोचं ठरलं. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, त्यामुळे वेगळा काटा लागत नाही. ही परीक्षा घरात कोणी असताना आणि एकदाच घ्या. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच गुडघा दुखायला लागला तर बादली तिथेच ठेवा आणि नातवाला विचारा. मग बागेचं माप त्याच्या हातांचं. जो उचलणार आहे त्याला जेवढं पाणी सहज वर नेता येतं, त्याहून जड एकही कुंडी या बागेत ठेवायची नाही. बाकी सगळं मी यावरून ठरवणार आहे.

तुमच्या मुलाचा प्रश्न मला पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. पूर चढायला लागला की घरात काय चालतं ते सांगलीकराला सांगायला नको. सिलिंडर, धान्याचे डबे, फ्रिज, कागदपत्रांची पिशवी, देव. दर तासाला कुणीतरी विचारतं, 'आयर्विनला किती झालं?', म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये तर पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. त्या धावपळीत 'माझ्या कुंड्या वर घ्या' असं तोंडातून निघत नाही, निघूही नये. माझी मावशी हरिपूरला राहते. त्या वर्षी दोन मातीच्या कुंड्या तरी वाचवाव्यात म्हणून ती एकटीच उचलायला गेली आणि तिची कंबर धरली. कुंड्या अर्ध्या जिन्यात राहिल्या आणि तिला दोघांनी धरून बाहेर आणावं लागलं. तेव्हापासून कुंडीबद्दल कुणी काही विचारलं की मी आधी वजनाचंच बोलते.

तर मुलाला असं सांगा : दोन माणसं, अर्धा तास, सगळी बाग गच्चीवर. एवढ्यात बसेल तेवढीच लावेन, आणि तेही पाणी चढताना नाही, त्याच्या कितीतरी आधी नेईन. हे कसं जमतं ते पुढे सांगते.

वजन कुठून येतं ते आधी बघू. तुमच्या मागच्या कुंड्यांत बहुतेक आपली काळी माती असणार. उसाच्या रानात ती चांगली, कुंडीत मात्र फार त्रास देते. भिजली की फुगते, चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. शिवाय जड. दहा इंची कुंडीत साधारण आठ लिटर माल बसतो. ओली काळी माती लिटरला दीड किलोच्या पुढे भरते, म्हणजे नुसती मातीच बारा-तेरा किलो, वर भाजलेल्या कुंडीचे दोन-तीन किलो. पंधरा किलोची कुंडी घेऊन तुम्ही जिना चढायचा नाही आणि नातवानेही नाही. तीच कुंडी प्लॅस्टिकची असेल आणि आत कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, मिश्रण असेल, तर पोटभर पाणी प्यायल्यावरही आठ किलोच्या आसपास राहते. निम्मं वजन इथेच उतरलं.

कोकोपीटची पाच किलोची वीट रोपवाटिकेत मिळते. भिजवली की तिचा साठ-सत्तर लिटर भुसा होतो, तुमच्या बागेला एक वीट पुरून उरेल. भिजवल्यावर दोनदा पाणी बदलून ती धुवा. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, ते न धुता वापरलं तर कोवळ्या पानांच्या कडा करपतात. आपल्या भागात बोअरचं पाणीही बऱ्याच ठिकाणी खारवट असतं. त्यामुळे धुवायला आणि पुढे घालायलाही नळाचं पाणी वापरा, शक्य तेव्हा पावसाचं. मग धुतलेल्या कोकोपीटचे दोन भाग, गांडूळखताचा एक, तांबड्या मातीचा अर्धा, आणि एका घमेल्याला दोन मुठी निंबोळी पेंड. मूठ वळून बघा. गोळा व्हायला हवा आणि बोट लावलं की मोडायला हवा. तांबडी माती वगळू नका. नुसत्या कोकोपीटमध्ये रोप वाऱ्याने हलतं, आणि एकदा पूर्ण वाळलं तर ते पाणी लवकर धरत नाही.

कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे किंवा खडी घालायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. ती सोडा. पाणी वरच्या बारीक मिश्रणातून खालच्या खडीत लगेच उतरत नाही, वरचा थर पूर्ण भिजून टच्च झाल्यावरच उतरतं. म्हणजे खडीमुळे ओलीची जागा उलट मुळांजवळ सरकते, आणि आपण किलोभर दगड उगाच वर-खाली करत राहतो. भोकावर एक खापरी किंवा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ठेवला की झालं.

आता कुंड्यांपेक्षा महत्त्वाची वस्तू, क्रेट. फळवाल्यांकडे वापरलेले प्लॅस्टिकचे क्रेट मिळतात. टोमॅटोचा उंच क्रेट घेऊ नका, त्यात लहान कुंडी तळाशी जाते आणि पानं सावलीत राहतात. सहा-सात इंच उंचीचा, दोन्ही बाजूंना हात घालायला खाच असलेला घ्या. त्यात सहा इंची प्लॅस्टिकच्या कुंड्या सहासुद्धा मावतात, पण चारच ठेवा. क्रेटसकट वजन नऊ किलोच्या आत राहतं, पानांना हवा लागते, आणि एखादी कुंडी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवता येते. असा भरलेला क्रेट मात्र एकट्याने नेऊ नका. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला नातू, म्हणजे प्रत्येकाला साडेचार किलो. खाली पाणी तुंबू नये म्हणून क्रेट दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा. असे तीन क्रेट, आठ इंची चार सुट्या कुंड्या आणि पुदिन्यासाठी एक पसरट टब, एवढी तुमची बाग. चाळीसच्या जागी सतरा कुंड्या ऐकून वाईट वाटेल, मला कळतंय. पण यातली प्रत्येक कुंडी रोज खुडली जाणार आहे.

कोथिंबिरीला एक पूर्ण क्रेट द्या आणि चारही कुंड्या एकाच दिवशी पेरू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. एका दिवशी सगळं पेरलं की दीड महिन्याने एकदम येतं, आठ दिवस भरपूर खाल्लं जातं, मग कुंड्या रिकाम्या. आज एक पेरा, दहा-बारा दिवसांनी दुसरी, मग तिसरी, मग चौथी. चौथी उगवून वर येईपर्यंत पहिली कापायला झालेली असते, आणि ती रिकामी झाली की त्यात थोडं गांडूळखत मिसळून पुन्हा पेरायची. धने डब्यातले चालतात, फक्त जुने किंवा भाजलेले नकोत. चपलेच्या तळाने किंवा लाटण्याने हलकेच रगडून प्रत्येक धण्याच्या दोन फाका करा. पीठ होऊ देऊ नका. रात्रभर भिजवा, सकाळी अर्धा इंच खोल पेरा, वर ओलं फडकं टाका. आठ ते बारा दिवसांत कोंब दिसतील. दिसले की फडकं काढायचं. कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावायला जाऊ नका, जिथे खायची तिथेच पेरायची. पस्तीस-चाळीस दिवसांनी बाहेरची पानं कात्रीने घ्या, मधला गाभा राहू द्या, म्हणजे दोन-तीनदा मिळेल. आणि खरं सांगते, एवढ्यात पोह्यांवर भुरभुरायला, आमटीत टाकायला, चटणीला होईल. कोथिंबीर वडी करायची झाली तर जुडी मंडईतूनच आणावी लागेल.

आत्ता थंडी पडायला लागली आहे, कोथिंबिरीला याहून चांगले दिवस नाहीत. मार्च संपला की ती लगेच फुलावर येते, पानं बारीक दोऱ्यासारखी होतात. तेव्हा चिडून पाणी वाढवू नका, काही उपयोग होत नाही. दोन कुंड्या फुलू द्या. फुलांवर मधमाश्या येतील, नातवाला पुढचे हिरवे धने दाखवता येतील, आणि हिरव्या धण्यांची चटणी एकदा करून बघाच. ती बाजारात मिळत नाही.

पुदिन्याला पैसे खर्च करू नका. मंडईतल्या जुडीतून जाड, लालसर देठाच्या पाच-सहा काड्या निवडा, खालची पानं काढा, दोन पेरं बुडतील एवढ्या पाण्यात पेल्यात ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदला. आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळं येतात. मग टबात लावा. त्याला खोल जागा नको, रुंद हवी, कारण त्याचे धुमारे आडवे पळतात आणि जिथे टेकतात तिथे मुळं धरतात. म्हणूनच तो कुणाच्या शेजारी एका कुंडीत लावायचा नाही, दोन महिन्यांत दुसऱ्याला गिळून टाकतो. त्याला ओल लागते आणि अकरापर्यंतचं ऊन त्याला पुरतं. वर्षभराने मधला भाग काष्ठासारखा होऊन विरळ पडतो. तेव्हा सगळा टब उलटा करा, कडेचे ताजे तुकडे ठेवा, मिश्रण नवीन भरा.

पानओवा, ज्याची जाड लुसलुशीत पानं भज्यांना वापरतो, तो तुमच्या नातवाला द्या. वीतभर फांदी खोचली की लागते आणि विसरलं तरी मरत नाही. मरतो तो जास्त पाण्याने. दुसऱ्या क्रेटमध्ये त्याची एक कुंडी, दोन मेथीच्या आणि एक लसणीच्या पातीची. स्वयंपाकघरात कोंब आलेल्या पाकळ्या टोचल्या की पात येते, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. तिसऱ्या क्रेटमध्ये शेपू, कांद्याची पात, तुळस, आणि चौथी जागा तुमच्या आवडीची. तुळशीची मंजिरी धरली की खुडत राहा, बी पिकू दिलं की पानं कमी होतात आणि रोप लवकर संपतं.

सुट्या आठ इंची कुंड्यांपैकी दोन गवती चहाला. शेजारीपाजारी कुणाकडे तरी ठोंब असतोच, त्यातले मुळं असलेले तीन-चार फुटवे मागून आणा. पानं जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायची, आणि कापताना पातीवरून बोट फिरवायचं नाही, धार असते. आठ इंची कुंडीत तो वर्षभरात गच्च होतो. मोठ्या कुंडीत हलवण्याचा मोह आवरा, ठोंब फोडून निम्मा कुणाला तरी देऊन टाका. उरलेल्या दोन कुंड्या मे महिन्यापर्यंत मिरचीला ठेवा आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकीत आल्याचं, दुसरीत हळदीचं बेणं लावा. आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा बाजार इथे, आणि तरी शहरातल्या पोरांनी हळदीचं पान पाहिलेलं नसतं. डोळे फुगलेला एक तुकडा दोन इंच खोल पुरा. आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून वाळली की काढायचं. उत्पन्न मूठभर, पण ती मूठ ओल्या हळदीच्या लोणच्याला पुरते.

आता जागेचं. 'मग कायमचीच गच्चीवर का नको' असं घरातलं कुणीतरी म्हणेल. नको, कारण तुमचे गुडघे. पानांची बाग स्वयंपाकघरापासून दहा पावलांत नसेल तर खुडली जात नाही, आणि खुडली नाही की ती फुलावर जाते. शिवाय एप्रिल-मेमध्ये स्लॅब असा तापतो की काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतली मुळं उकडतात. म्हणून कुंड्याही पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या घ्या. अंगणातलं अकरापर्यंतचं ऊन पानांना छान आहे. होळीपर्यंत क्रेट उघड्यावर ठेवा, होळीनंतर भिंतीच्या कडेला सरकवा, किंवा वर अर्धी सावली देणारी हिरवी जाळी बांधा. पूर दर वर्षी येत नाही, पण ऊन दर वर्षी येतं. उचलता येणाऱ्या कुंडीचा खरा उपयोग तुम्हाला एप्रिलमध्येच कळेल.

गच्चीचा मुहूर्त मी असा सांगेन : आषाढ लागला की वर, अनंत चतुर्दशी झाली की खाली. आमच्याकडे एवढा पाऊस कुठे असतो असं म्हणून थांबू नका. सांगलीत पडणाऱ्या पावसाने कृष्णा चढत नाही. पाणी येतं ते वरून, महाबळेश्वर आणि कोयनेच्या डोंगरातून. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि तेच पुढे आपल्या दारात येतं. गावभागात लख्ख ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते, हे तुम्ही पाहिलेलं आहे. आभाळाकडे बघून बाग हलवणारा फसतो. म्हणून तिथी धरायची. त्या दिवसांत ऊन तसंही मवाळ असतं, पाणी बहुतेक पाऊसच घालतो, आणि वर दिवसातून एकदा नातू जाऊन कात्रीभर पानं आणू शकतो. वर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जागा करा. संततधारेत कोथिंबीर आणि मेथी कुजतात, त्या अडीच महिन्यांत त्या पेरूच नका, रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवा. तेवढाच भार कमी. पुदिना, गवती चहा, आलं, हळद पावसात खुशीत असतात. पानओवा तेवढा पत्र्याखाली सरकवा.

आणि एखाद्या वर्षी तिथी चुकलीच तर? तुमच्या उंबऱ्याशी पाणी आयर्विनच्या किती फुटांना येतं ते दोन पुरांनंतर तुमच्या घरात पाठ असणार. त्याच्या दहा फूट अलीकडचा आकडा जिन्याजवळच्या भिंतीवर खडूने लिहा. तो आकडा आला आणि पाणी चढतंच आहे म्हटलं की क्रेट वर, मग घरातलं सामान. दहा फूट अलीकडे म्हणजे घरात अजून गडबड नसते, त्यामुळे कुणाच्या कामात तुमच्या कुंड्या येत नाहीत. त्याहूनही उशीर झाला, तर कुंड्या सोडून द्या. खरंच सोडा. पुदिन्याच्या चार आणि पानओव्याच्या दोन काड्या पाण्याच्या बाटलीत घाला, पिशवीत उभ्या ठेवा आणि पाहुण्यांकडे निघा. सगळी बाग तेवढ्यातून परत उभी राहते. जूनच्या एखाद्या रविवारी एकदा घड्याळ लावून सगळं वर नेऊन बघा. अर्ध्या तासाच्या वर गेलं तर एक क्रेट कमी करा.

पुराचं पाणी लागलेली पानं मात्र धुऊनही खायची नाहीत. त्या पाण्यात गटार, ड्रेनेज, डिझेल, रानातली औषधं सगळं मिसळलेलं असतं. कोथिंबीर, मेथी, शेपू बुडले तर मुळासकट टाकून द्या. गवती चहा, पुदिना जगतात, पण त्यांचंही मिश्रण फेकायचं, मुळं स्वच्छ पाण्याने धुऊन नव्यात लावायचं, सगळी जुनी पानं छाटायची आणि पूर्ण नवीन फूट आल्यावरच घ्यायची. 'गाळ सुपीक असतो' असं लोक म्हणतात. रानातल्या गाळाचं ते ठीक असेल, शहराच्या गल्लीतून वाहून आलेला गाळ खायच्या कुंडीत घालू नका.

यावरून तुमच्या जुन्या कुंड्या. माती बाहेर काढा आणि जास्वंद किंवा पारिजातकाच्या बुडाशी पसरा, कुंडीत परत भरू नका. इतक्या वर्षांनी ती विषारी असेल असं मी म्हणत नाही, पण ती जड काळी माती आहे आणि आपलं गणित तिथेच बिघडतं. प्लॅस्टिकच्या कुंड्यांवर हाताने दाबून बघा. उन्हाने कडक होऊन तडकत असतील तर जिन्यात तुटतील, त्या टाका. ज्या चांगल्या आहेत त्या घासा आणि एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुवा. मातीच्या मोठ्या कुंड्या रिकाम्या करून एखाद्या उंचावरच्या घरी देऊन टाकल्या तर त्यांचं भलं होईल.

पाणी किती घालायचं, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण लहान कुंड्यांचं सगळं त्यावर आहे. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर घाला, जड लागली तर नको. आठवडाभरात हाताला सवय होते. नातवाच्या प्रकल्पाला हे फार छान आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक कुंडी कोरडी असताना आणि पाणी घातल्यावर तोलायची, आठ दिवस आकडे लिहायचे, किती पाणी रोपाने आणि उन्हाने नेलं ते त्याला दिसेल. प्रत्येक कुंडीवर तिचं ओलं वजन ऑइलपेंटने लिहायला सांगा, बाग हलवतानाही ते उपयोगी पडतं. लहान कुंडीतलं खत लवकर संपतं, तेव्हा महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत वरून टाकून बोटाने हलवा.

मेथी-मिरचीवर मावा येईल. आधी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवा, दोन-तीन दिवस सलग. गेला नाही तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब हलवून संध्याकाळी फवारा, आणि पुढे आठवडाभर ती पानं खाऊ नका. एक कळकळीची विनंती. आपल्याकडे प्रत्येकाच्या नात्यात कुणीतरी द्राक्षबागायतदार असतो, आणि तो प्रेमाने बागेतली औषधाची बाटली देतो. घेऊ नका. ती औषधं वेलीसाठी आहेत, फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढायचा याचं त्यांचं वेगळं गणित असतं. तुम्ही पानं सकाळी खुडून दुपारी ताटात वाढणार आहात.

राहिला कढीपत्ता. तो या उचलायच्या बागेत बसत नाही. आठ इंची कुंडीत तो जगतो, पण काडीसारखा राहतो, चार पानं खुडली की थांबतो. चांगल्या वाढलेल्या झाडाला चौदा इंची कुंडी लागते आणि ती भिजली की वीस किलोच्या पुढे जाते. म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून गच्चीवर लावा, टाकीजवळ, भिंतीला टेकून, आणि तिथून हलवू नका. कुंडी रिकामी वर न्या, मिश्रण थोडं थोडं करून न्या, भरायची वरच. पाणी घालण्याचं काम नातवाचं. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात कढीपत्त्याची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते, माती चुनखडीची असली की त्यातलं लोह मुळांना घेता येत नाही. त्यासाठीही काळी माती टाळा. तोडताना एकेक पान ओरबाडू नका, टिकलीएवढा शेंडा खुडा किंवा पूर्ण काडी कापा, तिथून दोन फुटवे येतात. थंडीत तो झोपलेला असतो, तेव्हा आत्ता रोप आणू नका. फेब्रुवारीअखेर रोपवाटिकेत नवी पालवी फुटलेलं, दीड-दोन फुटांचं रोप निवडा. पहिलं वर्ष त्याला वाढू द्या. तोवर फोडणीपुरता कढीपत्ता शेजारणीकडून घ्या, बदल्यात पुदिना द्या.